कोमी बदलावी, पण डाव संपेपर्यंत नव्हे

ऑगस्ट २००८मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे 'मोगो' या प्रोग्रामने किम म्युंगवान या कोरियन व्यावसायिक खेळाडूला गो खेळात हरवले. प्रोग्रामला ९ सोंगट्यांची सूट होती, म्हणजे त्याच्या ९ काळ्या सोंगट्या आधीच पटावर होत्या, तरी विजय अवघ्या दीड गुणाचा. समोर कसलेला खेळाडू होता, हे खरेच. पण अशी आघाडी विरघळण्याचे एक कारण 'मोगो'सारख्या प्रोग्रामांच्या हिशोबातही आहे.

पुढचा डाव ते हजारो वेळा, बहुतांशी यादृच्छिक चालींनी, शेवटपर्यंत खेळून पाहतात आणि किती डाव जिंकले तेवढेच मोजतात. अर्ध्या गुणाने जिंकले काय आणि ५० गुणांनी जिंकले काय, नोंद एकच. बरोबरीच्या डावात हे उत्तम जमते. मोठी सूट मिळालेल्या काळ्याला मात्र जवळपास सगळेच डाव जिंकलेले दिसतात. मग नेटकी चाल आणि ढिली चाल त्याला सारखीच. पांढऱ्याला सगळे हरलेले दिसते, आणि तो भलत्याच चाली खेळू लागतो.

यावर एक उपाय कोमीत आहे. बरोबरीच्या डावात पहिली चाल काळ्याची, म्हणून पांढऱ्याला भरपाईचे गुण मिळतात. ही कोमी जपानी नियमांत साडेसहा, चिनी नियमांत साडेसात. आतल्या हिशोबात ती वाढवली, की पुढे असलेल्या काळ्याला पुन्हा झुंजावे लागते. 'पाची' या प्रोग्रामसाठी पेत्र बाउदिश यांनी हीच बदलती कोमी पद्धतशीर तपासली.

आक्षेप दुबळे नाहीत. जिंकायला एक गुण पुरतो. जास्तीच्या हव्यासापोटी काळा नको तिथे घुसेल आणि हातचा डाव घालवेल. मागे असलेल्या पांढऱ्याला खोटी सवलत दिली, तर तो थोडक्या हारीवर समाधान मानेल. मला हा दुसरा धोका अधिक गंभीर वाटतो, कारण डावाच्या उत्तरार्धात मागे पडलेल्याने धोका पत्करायलाच हवा. शिवाय एखादा सोंगट्यांचा गट जिवंत की मेलेला हेच यादृच्छिक डावांना कळले नसेल, तर कोमी हलवून ती चूक सुधारत नाही.

तरीही सुरुवातीला, पटावर अजून भरपूर जागा मोकळी असताना, चालींमधला फरक अजिबात न दिसणे हे जास्त घातक. म्हणून बरोबरीच्या डावात कोमीला हात लावू नये. सूट दिलेल्या डावात ती बदलावी, चालीगणिक खऱ्या आकड्याकडे आणावी, पांढऱ्यासाठी तर आणखी लवकर, आणि शेवटची मोजणी जवळ येण्याआधी खोटा गुण एकही उरू देऊ नये.