उसवण्यातही पूर्णत्व आहे

तेलंगणात थंडीचा कडाका म्हटला की आदिलाबाद जिल्ह्याचं नाव हमखास निघतं. तरीही बाजारहत्नूरसारख्या गावात सुयांवरचा स्वेटर एका बाहीवर अडकून राहावा, यात आळसाचा दोष थोडाच. हा कापसाचा मुलूख. थंडी पडते तेव्हाच वेचणी ऐन भरात असते, आणि त्याच हातांना लोकर कधी सापडणार? म्हणून अर्धवट विणकाम पावसाळ्याच्या उघडीप नसलेल्या दिवसांत बाहेर काढावं. आधी माप घ्यावं. ज्याच्यासाठी टाके घातले तो मुलगा मधल्या काळात वीतभर वाढला असेल, तर बिनदिक्कत उसवावं. उसवलेल्या लोकरीची लडी करून कोमट पाण्यात भिजवली आणि सावलीत टांगून वाळवली की तिच्या वळ्या बऱ्याचशा सुटतात. लोकर कमी पडली आणि नवीची छटा जुळेना, तर दोन ओळी जुनीच्या, दोन नवीच्या अशा विणाव्यात. फरक नजरेत भरत नाही. सुरू केलेलं सगळं तडीस न्यायलाच हवं, हा हट्ट मात्र सोडावा. मोठ्याचा अर्धा स्वेटर मोडून धाकट्याची कानटोपी झाली, तरी काम पुरं झालंच की!