विषांची बेरीज कोण मांडणार?

शिराळ्याच्या वारणाकाठी ऊस खुरपणाऱ्या मजूर स्त्रीच्या देहात तणनाशक आणि कीटकनाशक एकत्रच शिरतात. १९६८च्या कायद्यानुसार नोंदणी मात्र प्रत्येक उत्पादनाची स्वतंत्र! प्रत्येक मात्रा निर्धोक, म्हणून बेरीजही निर्धोक, हा युक्तिवाद लंडनच्या संशोधकांनी २००२ सालीच खोटा ठरवला. इस्ट्रोजेनसारखी वागणारी ८ रसायने, एकेकटी निष्प्रभ ठरणाऱ्या मात्रेत, एकत्र येताच परिणाम घडवू लागली.

यवतमाळात २०१७ साली फवारणीने वीसहून अधिक बळी घेतले, तेव्हा दोष फवारणाऱ्यांच्याच माथी मारला गेला. तेथे प्रेते तरी दिसली. संप्रेरकांवरील घाला वर्षानुवर्षे अदृश्यच राहतो.

मिश्रण निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी नफा कमावणाऱ्या उत्पादकाचीच असली पाहिजे. श्रमिकांचा देह ही कुणाची फुकटची प्रयोगशाळा नव्हे!