तारखेचा दर

दर शुक्रवारी संध्याकाळी मी टाइमशीट भरतो. हिंजवडीत बसून, परदेशातल्या क्लायंटच्या नावावर, रोजचे आठ तास. सोमवारचे तीन तास चुकीच्या जागी बग शोधण्यात गेलेले असतात, मंगळवारी सर्व्हरच बंद असतो. रकान्यात मात्र आठच. त्यामुळे ‘वकिलांनी तासावर फी घ्यावी, म्हणजे पारदर्शकता येईल’ असं मित्र म्हणतात तेव्हा मला हसू येतं. तास मोजणारा आणि विकणारा एकच असेल, तर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

पण शिवाजीनगर कोर्टात आमच्या वाट्याला आलेली रीत याहून वाईट आहे. तिथे तारीख विकली जाते. आमच्या वाटपाच्या दाव्यात बाबा दर तारखेला दोन हजार रोख देतात. गेल्या वर्षी अकरा तारखा पडल्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर मी एकेक तपासली. सात वेळा काम नुसतं तहकूब झालं होतं. म्हणजे चौदा हजार रुपये फक्त पुढची तारीख घेण्याचे, आणि पावती एकाचीही नाही. मी विषय काढला तर बाबाच चिडले, “वकीलसाहेबांकडे हिशेब मागतोस?”

न्यायाधीश रजेवर असतील तर तो वकिलाचा दोष नाही. बोर्डावर नंबर लागेपर्यंत सकाळ जाते, तीही फुकट जाऊ नये. मान्य. पण ज्याला लांबणीचे पैसे मिळतात, त्याला लवकर संपवण्याची घाई का असावी?

निकालावर टक्केवारी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. योग्यच आहे. पण 14 मे 2024 रोजी त्याच न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली. गैरवर्तनाची तक्रार करायची, तर 1961च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली राज्य बार कौन्सिलकडे. म्हणजे वकिलाची तक्रार वकिलांकडेच.

उपाय अवघड नाही. दाव्याचे टप्पे ठरलेले असतात : कैफियत, मुद्दे, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद. प्रत्येक टप्प्याची रक्कम आधी लिहून द्या. तहकुबीचा आकार वेगळा आणि कमी ठेवा. प्रत्येक रुपयाची पावती द्या. मग तास मोजा किंवा मोजू नका.

पुढच्या तारखेला मी सुट्टी काढून बाबांबरोबर जाणार आहे. दोन हजार मीच देईन, आणि पावती मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.