पाण्याची वही आणि आजाराची वही

२०२५ च्या जानेवारी महिन्यात पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम या एरवी क्वचितच आढळणाऱ्या विकाराचे रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले. काल-परवापर्यंत धडधाकट असलेल्या माणसाच्या हातापायांतील शक्ती जावी आणि काहींना तर श्वासोच्छ्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागावा, असे त्या विकाराचे स्वरूप. पाहता पाहता रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. हा जिवाणू दूषित पाण्यातून जसा पोटात जातो, तसाच अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातूनही जातो. साहजिकच दोष पाण्याचा की कोंबडीचा, या प्रश्नावर वादाला तोंड फुटले.

नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत आली. तेथील रहिवाशांना शुद्धीकरण केंद्रातून न जाता विहिरीतून, केवळ क्लोरीन मिसळून पाणी पुरविले जात होते, हे या साथीच्या निमित्ताने सर्वांच्या ध्यानात आले. पुढे साथ ओसरली आणि तिच्याबरोबर वादही ओसरला. परंतु त्या वादातून दिसून आलेली उणीव मात्र तशीच राहिली आहे. कोणत्या घरात कोठले पाणी येते आणि त्या घरात कोण, केव्हा, कशाने आजारी पडले, या दोन गोष्टी शेजारी-शेजारी मांडून पाहण्याची नित्याची व्यवस्था आपल्याकडे नाही. ती असती तर वादाचा निकाल काही दिवसांत लागू शकला असता.

लंडनचा धडा

अशी मांडणी करण्यास फार मोठे शास्त्र लागते, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा त्या रोगाच्या जंतूचा रोगाशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राने मान्य केलेला नव्हता. रॉबर्ट कॉख यांचे त्यावरील संशोधन १८८३-८४ मधील, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनंतरचे. तरीही जॉन स्नो या डॉक्टरने रोगाचे मूळ पाण्यात असल्याचे दाखवून दिले. दक्षिण लंडनमध्ये दोन खाजगी कंपन्या पाणी पुरवीत असत. त्यांचे नळ एकाच रस्त्यावरून, एकमेकांच्या शेजारून गेलेले होते. त्यांपैकी लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी घेण्याचे ठिकाण टेम्स नदीवर शहराच्या वरच्या बाजूस हलविले होते, तर साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराच्या सांडपाण्याने घाण झालेल्या पात्रातूनच पाणी उचलीत होती.

स्नो यांनी मृतांच्या पत्त्यांची सरकारी यादी घेतली आणि घरोघर जाऊन तेथे पाणी कोणत्या कंपनीचे येते याची चौकशी केली. ज्या घरच्यांना ते सांगता येईना, तेथील पाण्यातील मिठाचे प्रमाण तपासून त्यांनी कंपनी ओळखली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ग्राहकांत दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले होते, तर लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७. वस्ती तीच, हवा तीच, धंदे तेच. फरक होता तो पाण्याचा. स्नो यांची खरी कामगिरी म्हणजे पाण्याची यादी आणि मृत्यूची यादी त्यांनी एकत्र आणली, ही होय.

दोन वह्या, दोन कपाटे

महाराष्ट्रात या दोन्ही याद्या आज उपलब्ध आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यानुसार गावाला हिरवे, पिवळे वा लाल कार्ड दिले जाते. पाण्यात टीसीएल पावडर टाकण्यासाठी तुटपुंज्या मानधनावर का होईना, गावोगाव जलसुरक्षक असतात. ओ.टी. चाचणीने पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळते. तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे भारतीय मानक सांगते. दुसरीकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे, आशा कार्यकर्त्या आणि २००४ पासून सुरू असलेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम यांच्याद्वारे हगवण, कावीळ, विषमज्वर यांच्या रुग्णांची नोंद होत असते.

म्हणजे पाण्याची वही आहे आणि आजाराचीही वही आहे. मात्र त्या दोन निराळ्या खात्यांच्या दोन निराळ्या कपाटांत आहेत. पाण्याची नोंद विहीर, विंधनविहीर वा टाकी यांच्या नावाने होते, तर रुग्णाची नोंद त्याच्या गावाच्या नावाने. एका गावात चार स्रोत असले तर कोणत्या स्रोतावरची माणसे आजारी पडली, याचा पत्ता दोन्ही वह्यांत लागत नाही. शहरात ही अडचण अधिकच वाढते. तेथे पाणी सुटते ते व्हॉल्व्हच्या हद्दीप्रमाणे आणि रुग्ण मोजले जातात ते प्रभागाप्रमाणे. शिवाय बहुसंख्य रुग्ण गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडे जाऊन, एखादी सलाईन लावून घरी परततात. त्यांची नोंद कोठेच होत नाही. साथ आली म्हणजे घाईघाईने दोन्ही वह्या एकत्र आणल्या जातात आणि साथ सरली की पुन्हा आपापल्या कपाटात जाऊन पडतात.

हुबळी-धारवाडचा अनुभव

महाराष्ट्राच्या वेशीवरील हुबळी-धारवाड या जुळ्या शहरात अशा अभ्यासाचे एक चांगले उदाहरण घडले आहे. तेथील काही वॉर्डांत चोवीस तास पाणीपुरवठा सुरू करण्यात आला आणि उरलेल्या शहराला पूर्वीप्रमाणेच काही दिवसांआड, काही तास पाणी मिळत राहिले. संशोधकांनी दोन्ही भागांतील नळांचे पाणी तपासले. काही तासांच्या पुरवठ्यातील सुमारे ३२ टक्के नमुन्यांत विष्ठाजन्य दूषितीकरण दर्शविणारे ई. कोलाय जिवाणू सापडले, तर अखंड पुरवठ्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघाले. याचे कारण उघड आहे. नळ रिकामा झाला की त्यातील दाब नाहीसा होतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरचे गटाराचे पाणी आत शिरते. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत तेच घराघरांत पोहोचते. नळाला थेट मोटार लावण्याची आपल्याकडील सवय या ओढीला हातभारच लावते.

यानंतर सुमारे ३,९०० कुटुंबांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अखंड पुरवठ्याच्या भागात विषमज्वराची नोंद झालेली कुटुंबे ४२ टक्क्यांनी कमी आढळली. गरीब घरांतील मुलांत रक्तमिश्रित हगवणीचे प्रमाणही ३७ टक्क्यांनी कमी होते. परंतु पाच वर्षांखालील मुलांच्या साध्या हगवणीत एकंदरीने लक्षणीय फरक दिसला नाही. नळाचे पाणी शुद्ध झाले तरी साठवणीचे भांडे, न धुतलेले हात आणि दाराशी वाहणारे गटार हे आजाराचे अन्य मार्ग उघडेच राहतात, हा त्याचा अर्थ. ज्योत्स्ना जलान आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रामीण भारताविषयी २००३ मध्ये मांडलेला निष्कर्षही याच्याशी जुळणारा आहे. नळ आल्याने मुलांतील हगवण घटते. पण जेथे दारिद्र्य आहे आणि आईला शिक्षण मिळालेले नाही, अशा घरांना तो लाभ पुरतेपणी मिळत नाही, असे त्यांना आढळले. तात्पर्य, पाण्याचा अभ्यास आपल्याला पाण्यापुरताच सोडत नाही. तो शाळेपर्यंत आणि शौचालयापर्यंत घेऊन जातो.

'पिण्यास योग्य' म्हणजे काय?

साथीच्या काळात अधिकाऱ्यांकडून नमुना पिण्यास योग्य असल्याचे सांगितले जाते आणि नागरिकांचा त्यावर विश्वास बसत नाही. पुष्कळदा दोघेही आपापल्या जागी खरे असतात. टाकीजवळ घेतलेला नमुना शुद्ध असू शकतो आणि शेवटच्या नळाला येणारे पाणी दूषित असू शकते. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत याहून गंभीर प्रकार घडला. पुरानंतर नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आल्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणुजन्य रोग वाढले नाहीत. पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू आज हिपॅटायटिस 'ई' या नावाने ओळखला जातो. म्हणजे जिवाणूंच्या कसोटीला उतरलेले पाणीही रोग पसरवू शकले. म्हणूनच पाण्याच्या दाखल्याला रुग्णांच्या नोंदीची जोड लागते. पाणी सुरक्षित आहे की नाही याचा अंतिम पुरावा प्रयोगशाळेच्या बाटलीइतकाच ते पिणाऱ्यांच्या प्रकृतीत असतो.

खर्च कोणाच्या माथी?

या प्रश्नाची आर्थिक बाजू फारशी कोणी विचारात घेत नाही. पाणी योजनेवर झालेला खर्च अंदाजपत्रकात दिसतो. दूषित पाण्याचा खर्च मात्र हजारो घरांत विखुरलेला असल्यामुळे तो कोणत्याच हिशेबात येत नाही. मजुराची बुडालेली रोजी, डॉक्टरची फी, विद्यार्थ्याची हुकलेली परीक्षा, आजारी मुलाजवळ बसण्यासाठी आईने सोडलेले काम या सर्वांचा तो खर्च असतो. गंमत अशी, की डॉक्टरची फी, विकत घेतलेला फिल्टर आणि पाण्याचा जार यांची राष्ट्रीय उत्पन्नात भरच पडते. पाणी जितके वाईट, तितकी ही उलाढाल मोठी.

मध्यमवर्गाने यातून स्वतःपुरता मार्ग काढला आहे. ओट्यावर फिल्टर बसला की त्या घरातील सुशिक्षित माणूस नगरपालिकेकडे तक्रार करणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर पडतो. ज्यांना फिल्टर परवडत नाही आणि ज्यांचा आवाजही कार्यालयापर्यंत पोहोचत नाही, तेच मग रांगेत उरतात. सार्वजनिक व्यवस्था खालावण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील जेमतेम १७ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे नळ होता; हे प्रमाण पुढे ८० टक्क्यांच्या आसपास गेले. ही वाढ मोठी आहे, यात शंका नाही. प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु नळांची संख्या हे साधन आहे. आजार कमी होणे हे साध्य. साधनांची मोजदाद करून साध्य पदरात पडले असे मानणे, म्हणजे शाळेचे वर्ग मोजून विद्यार्थी उत्तीर्ण झाल्याचे जाहीर करण्यासारखे आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. रुग्णाची नोंद करताना तो कोणत्या स्रोताचे वा कोणत्या व्हॉल्व्हवरचे पाणी पितो, हा एक रकाना नोंदवहीत वाढवावा. खाजगी डॉक्टरांकडूनही आठवड्याला केवळ रुग्णसंख्या मागवावी. पाण्याचे नमुने टाकीबरोबरच शेवटच्या नळावर आणि घरातील हंड्यातूनही घेतले जावेत, आणि तेही पाणी सुटल्याबरोबर. जो पाणी पुरवितो त्यानेच त्याच्या शुद्धतेचा दाखला देण्याची पद्धत बंद व्हावी. गावाला लाल कार्ड मिळाले तर त्याचे कारण आणि त्या महिन्यातील रुग्णसंख्या ग्रामपंचायतीच्या फलकावर एकत्र लिहिली जावी. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना अशा नोंदी जुळविण्याचे काम सहज देता येईल. समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे याहून चांगले प्रात्यक्षिक शोधूनही सापडणार नाही.

स्नो यांनी घरोघर हिंडून जे काम एकट्याने केले, ते करण्यासाठी आज माणसे आहेत, चाचण्या आहेत, संगणकही आहेत. उणीव आहे ती दोन खात्यांनी एका टेबलाशी बसण्याची. ते घडत नाही तोवर पुढच्या साथीतही पाणी दोषी की कोंबडी, हा वाद नव्याने रंगेल, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत आणखी काही घरांतील माणसे अंथरुणाला खिळलेली असतील.