माझी गोळी, माझी झोप आणि आपला तालुका



या भिंतीवर मी नेहमी कॅनॉलचं आवर्तन, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्या नाहीतर बाजारपेठेतले खड्डे यावर लिहितो. काहींना पटतं, काही शिव्या घालतात, दोन्ही चालतं. आजची पोस्ट वेगळी आहे. लिहू का नको यात चार महिने गेले. शेवटी घरात विचारलं. बायको म्हणाली, "अर्ध्या गावाला माहीतच आहे. उरलेल्या अर्ध्याला तुम्हीच सांगा, निदान खरं तरी कळेल."

तर सांगतो. मला बायपोलर आहे. पुस्तकी मराठीत द्विध्रुवीय विकार. २०१४ पासून लिथियमच्या गोळ्या घेतोय. आणि मी बरा आहे. "बरा झालो" म्हणत नाही, कारण शुगरवाला माणूस जसा बरा होत नाही तसंच हे आहे. पण बरा आहे. बाग सांभाळतो, पोरीचा अभ्यास घेतो, तुमच्याशी इथं भांडतो.

हे लिहायचं कारण सहानुभूती नाही. बायपोलर घेऊन नीट जगता येतं, पण त्यासाठी जे लागतं त्यातलं निम्मं माझ्या हातात आहे आणि निम्मं सरकारच्या आणि तुमच्या. त्या दुसऱ्या निम्म्याबद्दल बोलायचंय.

आधी आजार काय ते थोडक्यात, कारण लोकांना वाटतं "मूड बदलतो" म्हणजे बायपोलर. मूड तर सासूचाही बदलतो. २००९ मध्ये मला पहिल्यांदा नैराश्य आलं. पाच महिने. छाटणी तोंडावर आली होती आणि मला अंथरुणातून उठून तोंड धुवायचं बळ नव्हतं. आई म्हणायची नजर लागली, दादा म्हणायचा आळस भरलाय. २०१३ मध्ये पुन्हा तसंच झालं. तेव्हा एका डॉक्टरनी नैराश्याची गोळी दिली. त्यांना आधीचं कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. तीन आठवड्यांत मी उठलो. नुसता उठलो नाही, उडालो.

दोन-तीन तास झोप पुरायची. वाटायचं, आपल्यासारखा हुशार माणूस जिल्ह्यात नाही. बेदाण्याची निर्यात करणारी कंपनी काढणार होतो. एका प्लॉटला इसार दिला, पतसंस्थेचं कर्ज काढलं, पाव्हण्यांकडून हातउसने घेतले, रात्री दोन वाजता अधिकाऱ्यांना फोन लावले. आणि गंमत बघा, नैराश्यात ज्यांनी "आळशी" म्हटलं, तेच आता म्हणत होते, "पोरगं सुधारलं, कसं धडाडीनं बोलतंय." आजार सगळ्यात जोरात असताना गावानं मला सगळ्यात शहाणा ठरवलं होतं. हा या आजाराचा सगळ्यात मोठा फसवा भाग. घर सावध झालं तोवर वडिलांनी घेतलेली वीस गुंठे जमीन गेली होती. २०१४ मध्ये मिरजेला एका मानसोपचार तज्ज्ञांनी सगळा इतिहास विचारला तेव्हा आजाराचं नाव कळलं. पहिल्या दुखण्यापासून पाच वर्षांनी.

नैराश्याची साधी गोळी बायपोलरवाल्याला एकटी दिली तर तो असा उलटा उडू शकतो. म्हणून घरात कुणाला नैराश्याचं औषध सुरू करताना डॉक्टरांना एवढं नक्की सांगा: याआधी कधी झोप कमी होऊन अंगात जादा जोर, जादा खर्च, जादा बडबड असं झालं होतं का, आणि नात्यात कुणाला असं आहे का. दोन वाक्यांनी माझी जमीन वाचली असती.

आता नीट जगणं म्हणजे काय. फेसबुकवर याची फार सुंदर चित्रं असतात: उगवता सूर्य, ध्यानाला बसलेली बाई, "सकारात्मक राहा". माझं नीट जगणं चार साध्या गोष्टींवर उभं आहे. गोळी, रक्ततपासणी, झोप आणि तोंडावर खरं बोलणारं एक माणूस.

गोळी. लिथियम. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. इतक्या वर्षांत नवी औषधं खूप आली, कुणाला तीही लागू पडतात, पण हे जुनं औषध अजून पहिल्या रांगेत आहे. जीव द्यायचे विचार ज्यांना येतात त्यांचा धोका ते कमी करतं, म्हणून त्याचं मोल जास्त. आणि माझी एक गोळी चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे. "आयुष्यभर गोळ्या? सवय लागेल," असं मला किमान पन्नास जणांनी सांगितलंय. २०१७ मध्ये ऐकलं एकाचं. बरा आहे म्हणून बंद केली. सहा आठवड्यांत ॲडमिट होतो. तेव्हापासून तो विषय बंद.

रक्ततपासणी. लिथियम साधं औषध नाही, त्याचा डोस रक्तात मोजावा लागतो. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेतात. साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान पातळी असली की काम भागतं, दीडच्या वर गेली की विषबाधा सुरू होते. शिवाय किडनी आणि थायरॉइड अधूनमधून तपासावी लागते. २०१९ च्या मे महिन्यात माझा गुडघा धरला होता. औषध दुकानातून दुखण्याची गोळी आणली, आठवडाभर खाल्ली, वर उन्हात बागेत काम. हात इतके थरथरायला लागले की कपातला चहा सांडायचा. चालताना झोक जायचा. चौकात एक जण म्हणाला, "काय हो, सकाळी सकाळी?" त्याला वाटलं मी पिऊन आलोय. पातळी वाढली होती. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या, अंगातलं पाणी कमी होणं, जुलाब-उलट्या, एकदम मीठ बंद करणं, यातलं काहीही लिथियम वाढवतं. ही गोष्ट पेशंटला, घरच्यांना आणि औषध दुकानदाराला, तिघांनाही माहीत पाहिजे. माझ्या पाकिटात आता चिठ्ठी असते: "लिथियम सुरू आहे, विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी देऊ नका."

झोप. याचं महत्त्व मला गोळीइतकंच वाटतं. आमच्या आजारात झोप मोडली की उन्मादाचं दार उघडतं. उठायची, जेवायची, झोपायची वेळ रोज एक ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. मी साडेदहाला झोपतो, पावणेसहाला उठतो. पोरगी मला "घड्याळबाबा" म्हणते.

आणि चौथं, माणूस. उन्माद चढताना ज्याला चढतो त्याला कळत नाही, त्याला फक्त मस्त वाटतं. म्हणून मी ठणठणीत असताना आम्ही नवरा-बायकोनं एक कागद लिहिलाय. तो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. "सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली, एका दिवसात पाच हजारांच्या वर न विचारता खर्च केला, बोलताना कुणाला मधे बोलू दिलं नाही, तर एटीएम कार्ड हिच्याकडे द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं. वाद घालायचा नाही." खाली माझी सही. आजवर तीनदा तो कागद दाखवावा लागला. तिन्ही वेळा मला राग आला, तिन्ही वेळा मी गेलो, तिन्ही वेळा ॲडमिट व्हायची वेळ टळली.

हे झालं माझ्या घरातलं. आता कपाटाच्या बाहेरचं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या अठराव्या कलमात लिहिलंय की अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं मानसिक आजाराच्या माणसाला सरकारी दवाखान्यात कायम मोफत मिळाली पाहिजेत, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर सगळीकडे. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्या भाषेत ग्रामीण रुग्णालय. आणि लिथियम देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मी एका ग्रामीण रुग्णालयात तीन महिने सलग विचारलं. तीनदा उत्तर एकच, "स्टॉक नाही, बाहेरून घ्या." बाहेर औषध दुकानदार म्हणतो, "खपत नाही साहेब, मार्जिन नाही, तुमच्या एकट्यासाठी मागवतो." तो बिचारा मागवतोही. पण दोन दिवस उशीर झाला की माझी छाती धडधडते. तपासणीसाठी रक्त जिल्ह्याच्या गावाला पाठवायचं, नाहीतर आपण जायचं. एसटीचा दिवस जातो. माझ्याकडे मोटारसायकल आहे, हातात चार पैसे आहेत, वाचता येतं. ज्याचं पोट रोजगारावर आहे तो काय करेल? गोळी सोडेल. आणि मग लोक म्हणतील, "पुन्हा वेडाचा झटका आला."

निम्हान्सनं केलेलं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण सांगतं, साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी बायपोलर होतो, आणि अशा दहातले सुमारे सात जण उपचाराबाहेर असतात. तालुक्यात दीड लाख मतदार धरले तर साडेसातशे माणसं. त्यातली पाचशे उपचाराशिवाय. ती कुठं आहेत? काही मळ्यातल्या खोलीत, काही देवऋषाकडे, काही दारूत, काही कर्जात. काही आता नाहीत.

झोपेचंही तसंच. शेतीची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत शेतकरी दोन वाजता मोटर चालू करायला उठतो. विंचू-सापाची भीती सगळ्यांनाच, पण माझ्यासारख्याला ते जागरण हाच साप आहे. माझ्या रात्रीच्या पाळ्या शेजारचा मळेकरी करतो, मी त्याच्या दिवसाच्या. तो आहे म्हणून माझी बाग आहे. "दिवसा वीज द्या" ही मागणी मी वर्षानुवर्षं शेतकरी म्हणून लिहिली. आज पेशंट म्हणून लिहितोय.

आणि डीजे. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, सणाच्या काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते. त्याला माझी हरकत नाही, गणपती माझाही आहे, लेझीम मीही खेळलोय. पण वाढदिवस, वरात, निवडणुकीचा गुलाल, सगळ्यालाच सूट घेतली तर कसं? मंडळांतल्या पोरांनो, हात जोडून सांगतो. तुमच्या एका रात्रीची किंमत कुणाच्या घरात सहा महिने मोजली जाते.

काही जण म्हणतील, "सरकारला आधीच कामं कमी आहेत का? डायलिसिसला रांग आहे, बाळंतिणीला गाडी नाही, तुमची मधेच गोळी." रास्त आहे. पण मी मशीन मागत नाही, इमारत मागत नाही. यादीत असलेली, कायद्यानं मोफत असलेली, चहापेक्षा स्वस्त गोळी मागतोय. ती नाही मिळाली तर जो माणूस ॲडमिट होतो त्याचा खर्च त्या गोळीच्या कित्येक पट असतो, आणि तोही शेवटी सरकारवर किंवा सावकारावरच पडतो.

म्हणून सोमवारी सकाळी अकराला तहसील कार्यालयात निवेदन देणार आहे. मागण्या तीनच. ग्रामीण रुग्णालयात लिथियमचा तीन महिन्यांचा साठा कायम ठेवावा. लिथियम पातळीसाठी रक्त तिथंच घेऊन पुढे पाठवायची सोय करावी. मानसोपचार तज्ज्ञांचा महिन्यातला ठरलेला दिवस दारावर लिहावा, आणि त्या दिवशी ते खरंच यावेत. सही करायला या. "मी पेशंट आहे" असं सांगायची गरज नाही. शेतकरी म्हणून करा, दुकानदार म्हणून करा, कुणाची तरी आई म्हणून करा.

ज्यांना आत्ता, हे वाचताना, जगणं नको वाटतंय त्यांच्यासाठी: १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एकदा लावलाय. आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला २०१७ चा कायदा गुन्हेगार मानत नाही, तो प्रचंड ताणाखाली होता असं धरतो. केसच्या भीतीनं कुणाला दवाखान्यापासून लांब ठेवू नका.

शेवटची एक विनंती. उद्या चौकात भेटलो तर "तब्येत कशी आहे आता?" असं आवाज बारीक करून विचारू नका. नेहमीसारखं विचारा, "काय म्हणतीय बाग?" यंदा घड चांगले लागलेत. सांगायला आवडेल.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, नेहमीसारखं भांडू. फक्त साडेदहाच्या आत. नंतर मी झोपलेलो असतो.