चिरा ब्लेडचा की मशीनचा? जादा पैसे मोजण्याआधी विचारा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका वहिनींचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. खासगी दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले, "साध्या ब्लेडने कापले तर जखम पिकेल. मशीनने कापू, पण त्याचे पैसे वेगळे." बचत गटातून उचल घेतली, ती पुरली नाही म्हणून कानातले गहाण पडले. ऑपरेशन नीट झाले, वहिनी बऱ्या आहेत. पण ज्या भीतीपोटी ते जादा पैसे दिले, त्या भीतीला काही आधार होता का? माझे मत स्पष्ट आहे : नव्हता.

त्या मशीनला कॉटरी म्हणतात. पेनासारख्या दांडीच्या टोकातून सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा विजेचा प्रवाह जातो. टोकाजवळच्या पेशींतले पाणी उकळून वाफ होते, पेशी फुटतात आणि चिरा पडतो. बारीक रक्तवाहिन्याही तिथेच बंद होतात. हे तंत्र नवे नाही. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १ ऑक्टोबर १९२६ रोजी मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांनी बनवलेले असे यंत्र ऑपरेशनमध्ये वापरले. आज बहुतेक ऑपरेशन थिएटरमध्ये कॉटरी असतेच. कातडी ब्लेडने कापली, तरी आतले रक्त थांबवायला डॉक्टर तिचाच वापर करतात.

गंमत अशी, की पूर्वी भीती उलटी होती. विजेने कातडीच्या कडा भाजतील, जखम उशिरा भरेल, व्रण वाईट दिसेल, असे डॉक्टरांनाच वाटे. म्हणून कातडीला ब्लेड आणि आत कॉटरी, ही पद्धत रूढ झाली.

मग अभ्यास काय सांगतो? कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात पोटावरच्या मोठ्या चिऱ्यांचे १६ अभ्यास आणि २,७६९ रुग्ण पाहिले गेले. जखमेत जंतुसंसर्ग झाला तो कॉटरीच्या गटात शंभरी ७.७ जणांना आणि ब्लेडच्या गटात ७.४ जणांना. म्हणजे जवळजवळ सारखाच. हा पुरावा फार भक्कम नाही, असे आढावा करणारेच सांगतात. २०१२ च्या दुसऱ्या एका आढाव्यात १४ अभ्यासांतले २,५४१ रुग्ण होते. त्यात कॉटरीने रक्त कमी गेले, पण दुखण्यात आणि जखमेच्या तक्रारींत फरक दिसला नाही. थोडक्यात, कॉटरी वाईट नाही, ब्लेडही वाईट नाही. कशाने कापायचे ते डॉक्टरांनी ठरवावे. पण "ब्लेडने जखम पिकते" असे सांगून गरिबाकडून वेगळे पैसे काढणे, हे मला मान्य नाही.

जखम पिकण्याची खरी कारणे वेगळी आहेत. साखर ताब्यात नसणे, तंबाखू, बिडी, अस्वच्छता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलेल्या गोष्टी बिनखर्चाच्या किंवा अगदी स्वस्त आहेत. ऑपरेशनआधी आंघोळ करावी. त्या जागेचे केस वस्तऱ्याने काढू नयेत. काढावेच लागले तर क्लिपरने कापावेत. अँटिबायोटिकची गरज असेल, तर तो डोस चिरा देण्यापूर्वी दोन तासांच्या आत द्यावा. संसर्ग टाळण्यासाठी म्हणून ऑपरेशन झाल्यावर तो दिवसच्या दिवस चालू ठेवू नये.

कॉटरी वापरणार असतील तर आपणही काही सांगायचे असते. हृदयाला पेसमेकर बसवला असेल तर ते आधी सांगा. जोडवी, बांगड्या, साखळी, अंगावरचे सगळे धातू काढून ठेवा. अंगाला लावलेले स्पिरिटचे औषध पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी लावायची नसते, कारण ते पेट घेऊ शकते; ती काळजी थिएटरमधल्या लोकांनी घ्यायची.

विचारायला संकोच करू नका. डॉक्टरांपुढे तोंड उघडायचे नाही, अशी सवय आपल्या घराघरांत आहे. पण उपचार काय आहे, त्याला पर्याय कोणते, धोके कोणते हे रुग्णाला सांगूनच संमती घ्यायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून सहीआधी विचारा : मशीनचे पैसे वेगळे का? त्याने मला नेमका काय फायदा? बिलात ते कोणत्या नावाने लिहिणार? हेच ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का? सरकारी रुग्णालयात होईल का?

उत्तर पटले तर सही करा. पटले नाही आणि ऑपरेशन तातडीचे नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. कानातले गहाण टाकण्यापूर्वी एवढे तरी व्हायलाच हवे.