समुद्रसफर आणि एकमेकांची औषधे

दवाखान्यात माणसे येतात ती बहुधा काहीतरी दुखत असते म्हणून. काहीही दुखत नसताना केवळ ‘डॉक्टर, आम्ही जाऊ का?’ एवढेच विचारायला कुणी आले, की मला विशेष आनंद होतो. काही वर्षांपूर्वी असेच एक दांपत्य आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्या शाळेतून; म्हणून दवाखान्यात सारे त्यांना ‘साहेब’ आणि ‘बाई’ म्हणतात. त्यांच्या संमतीने, नाव न देता, त्यांची हकीकत आज सांगतो.

मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटे मुलाने काढून दिली होती. साहेबांना मधुमेह आणि रक्तदाब. बाईंना थायरॉइडचा विकार आणि काचबिंदू. मी साहेबांची साखर पाहिली, हृदयाचा आलेख काढला, गोळ्यांच्या वेळा समजावल्या आणि म्हणालो, ‘खुशाल जा.’ बाईंना मात्र मी काही विशेष विचारले नाही. त्या नेहमी साहेबांना ‘घेऊन’ येत. त्यांची स्वतःची प्रकृती हा विषय दारातून बाहेर पडताना, जाता जाता निघे. ही माझी चूक होती, आणि ती समुद्रात उघडी पडली.

पहिल्याच रात्री बाईंना बोट लागली. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला बोटी जात होत्या, त्या काळातल्या मंडळींना हा शब्दप्रयोग आणि त्यामागची यातना दोन्ही ठाऊक आहेत. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. बंद केबिनमध्ये डोळे मेंदूला सांगतात, ‘सारे स्थिर आहे’. अंतर्कर्ण सांगतो, ‘आपण झुलतो आहोत.’ या परस्परविरोधी साक्षींनी मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, उलट्या सुरू होतात. मोठ्या जहाजांना डोलणे कमी करणारी पंखांसारखी यंत्रणा असते, त्यामुळे अनेकांना हा त्रास जाणवतही नाही; पण काहींना होतोच.

उलट्या थांबेनात, तेव्हा साहेबांनी जहाजावरच्या वैद्यकीय कक्षाला फोन केला. परिचारिकेने विचारले, ‘यांना आणखी कोणते आजार आहेत? रोज कोणती औषधे घेतात?’ साहेब गप्प झाले. बाई त्यांच्या पाचही गोळ्या रंगावरून ओळखत. बाई कोणती गोळी घेतात, हे मात्र साहेबांना सांगता येईना. अखेर ग्लानीत असलेल्या बाईंनीच पर्सकडे बोट दाखवले. तीत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. ती पाहताच डॉक्टरांनी हातात घेतलेले इंजेक्शन बाजूला ठेवले आणि दुसरे औषध दिले.

हा प्रसंग क्षुल्लक नव्हे. बोट लागण्यावर दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांनी गुंगी येते, तोंडाला कोरड पडते आणि डोळ्याची बाहुली विस्फारते. काचबिंदूच्या एका प्रकारात त्यामुळे डोळ्यातील दाब एकाएकी वाढून दृष्टीला धोका पोहोचू शकतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांना याच औषधांनी लघवी अडू शकते. म्हणून ‘प्रवासात सगळेच घेतात ती गोळी’ उतारवयात स्वतःच्या मनाने घेऊ नये. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. औषध घ्यायचे ठरलेच, तर ते मळमळ सुरू होण्यापूर्वी घेतलेले बरे. उलट्या लागल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

औषधावाचूनही पुष्कळ करता येते. केबिन निवडताना जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. तिथे डोलणे सर्वांत कमी जाणवते. त्रास वाटू लागताच पडून वाचत राहू नये, मोबाइल पाहू नये. मोकळ्या हवेत यावे आणि क्षितिजाकडे नजर लावावी. पोट अगदी रिकामे ठेवू नये, तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा चघळण्याचा घरगुती उपाय काहींना खरोखर उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाई सावरल्या. अगत्तीजवळ मोठे जहाज खोल पाण्यातच थांबते आणि प्रवाशांना लहान नावांतून बेटावर नेतात. हलत्या नावेत उतरताना साहेबांनी त्यांचा हात धरला, तो बेटावर पोहोचल्यावरही सोडला नाही, असे बाईंनी परतल्यावर मला सांगितले. मला वाटले होते, आता ही मंडळी समुद्राचे नाव काढणार नाहीत. पण त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, लग्नानंतर पहिल्यांदाच मी चार दिवस ‘आज भाजी काय करू’ हा विचार केला नाही. आम्हाला पुन्हा जायचे आहे.’

‘जरूर जा,’ मी म्हणालो, ‘पण एक गृहपाठ आहे.’ दोघांनी एकमेकांच्या प्रकृतीचा कागद स्वतःच्या हाताने लिहून आणायचा: आजार, औषधांची मूळ नावे, मात्रा, वेळा, कशाची ॲलर्जी, पूर्वीच्या शस्त्रक्रिया. बाईंचा कागद एका बैठकीत तयार झाला. साहेबांना तीन खेपा घालाव्या लागल्या.

पुढे अमेरिकेत सिएटलला राहणाऱ्या मुलाकडे गेले असता त्यांनी तिथून सात दिवसांची अलास्काची सफर केली. (वाटेत जहाज कॅनडातील बंदरालाही लागत असल्याने दोन्ही देशांचा व्हिसा लागला.) या मार्गाचा बराच भाग बेटांच्या आडोशाने जातो, त्यामुळे पाणी बहुतांशी शांत असते, बोट लागणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय. भर जुलैतही शाल पांघरून दोघे सकाळी डेकवर बसत. हिमनदीचा कडा तुटून समुद्रात कोसळताना आधी तो पडताना दिसतो आणि गडगडाट क्षणभराने पोहोचतो, याचे साहेबांना लहान मुलासारखे अप्रूप वाटले. रोज रात्री बाईंच्या डोळ्यांत थेंब घालण्याचे काम आता त्यांनी आपल्याकडे घेतले होते.

जूनो बंदरात उतरून दोघे मेंडेनहॉल हिमनदीजवळच्या धबधब्यापर्यंत चालत गेले. जाऊन-येऊन तीनेक किलोमीटरची ती वाट. परतताना उशीर झाला, जेवण लांबले. साहेबांनी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमाने घेतली होती. वाटेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. बाईंनी ओळखले, साखर उतरली आहे. पर्समधली ग्लुकोजची पूड तीन-चार चमचे पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटे बसवले, मग बिस्किटे दिली. अर्ध्या तासात साहेब सावरले. मधुमेहाच्या रुग्णांनी हे ध्यानात ठेवावे, की जहाजावर चोवीस तास अन्न समोर असते. धोका किनाऱ्यावर उतरल्यावर असतो. साखर जवळ असावी, आणि ती केव्हा द्यायची हे सोबत्याला ठाऊक असावे. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ मदत बोलवावी.

आता, या दोघांच्या अनुभवातून आणि माझ्या व्यवसायातून सुचलेल्या चार गोष्टी.

पहिली, औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. बंदरावर सोपवलेले मोठे सामान केबिनमध्ये पोहोचायला कित्येक तास लागू शकतात. सफरीच्या दिवसांहून आठवडाभराची औषधे अधिक घ्यावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी.

दुसरी, हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावेत. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस केवळ सॅनिटायझरला पुरेसा दाद देत नाही. असा त्रास झाल्यास लपवू नये. कक्षाला कळवून केबिनमध्येच थांबावे. बुफेत रक्तदाबाच्या रुग्णांनी गोडापेक्षाही लोणची, सूप, सॉस आणि चीज यांतल्या मिठाकडे लक्ष द्यावे.

तिसरी, प्रवासविमा. जहाजावरचे डॉक्टर ताप, जखम, छातीतले दुखणे यांवर प्राथमिक उपचार उत्तम करतात. पण ते मोठे रुग्णालय नव्हे, आणि बिल स्वतंत्र येते. गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च धरलेला विमा घ्यावा आणि जुने आजार त्यात प्रामाणिकपणे नोंदवावेत. लपवलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी आडवा येतो.

चौथी, सुरक्षेची कवायत कंटाळवाणी म्हणून टाळू नये. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे दगावली. त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत व्हायची होती. आपली जमण्याची जागा आणि लाइफ जॅकेट कुठे आहे, हे दोघांनीही पाहून ठेवावे. एरवी चालताना एक हात कठड्यावर असावा. न्हाणीघराचा उंबरठा आणि ओला डेक यांनी मोडलेली हाडे लाटांनी मोडलेल्या हाडांहून अधिक असतील.

आणि सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक बंदरावर उतरलेच पाहिजे, असा नियम नाही. साहेब-बाईंना सर्वांत आवडलेला दिवस विचारला, तेव्हा दोघांनी एकच सांगितला: ज्या दिवशी जहाज कुठेच थांबले नाही, तो.

मीही यातून एक धडा घेतला आहे. आता प्रवासाची परवानगी मागायला जोडपे आले, की मी आधी नवऱ्याला विचारतो, ‘या कोणती औषधे घेतात?’ बहुतेक जण बायकोकडे पाहतात. वाचकहो, समुद्रावर जायचे असो वा नसो, हा प्रश्न आज रात्री जेवताना एकमेकांना विचारून पाहा. उत्तर आले नाही, तर कागद आणि पेन घरातच आहे.